राजारामपुरीतल्या पाटीचे चार थर

प्रकरण तसं किरकोळ आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाची पाटी वळवाच्या वाऱ्यानं फाटली. वरचं फ्लेक्स सुटून लोंबायला लागलं आणि त्याच्या आत, एकाखाली एक, अजून तीन पाट्या निघाल्या. वरची व्हीआयची. तिच्याखाली व्होडाफोनची लाल. तिच्याखाली हचची गुलाबी. आणि सगळ्यात तळाला, लाकडी चौकटीवर ठोकलेल्या पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेली बीपीएल मोबाईलची. दुकानदार बापलेकांना नवी पाटी करायची होती. माझा धंदा फ्लेक्स आणि छपाईचा, म्हणून काम माझ्याकडं आलं. जुन्या पाटीचं काय करायचं हा प्रश्न तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हता. मुलानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि गल्लीपासून पुण्यापर्यंत तिला दावेदार निघाले.

कोण कशासाठी आलं, काय मागितलं आणि काय घेऊन गेलं, हे मी तेव्हा टिपून ठेवलं. बंद पडलेल्या मोबाईल कंपन्यांच्या लोगोंवर लोक अजून जीव टाकतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, की तेव्हाच्या जाहिराती छान होत्या. या पाटीपुरतं तरी मला ते पुरेसं वाटलं नाही. हा सगळा जिव्हाळा कॉलदरांच्या तक्त्यातून उगवला, असं माझं मत झालं.

दुकान

मेन रोडपासून आतल्या गल्लीत एक छोटा गाळा. आजूबाजूला कॉट बेसिसवर राहणारी पोरं. गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडची जास्त, काही सिंधुदुर्गातली. विद्यापीठ जवळ, क्लासेस जवळ, त्यामुळं गिऱ्हाईक कायम विशीतलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणेन. अण्णांनी सुरुवात एसटीडी-पीसीओनं केली. काचेची केबिन, लाल आकडे पळवणारं मीटर, रात्री दर उतरले की बाहेर रांग. मग मोबाईल आले, केबिन निघाली आणि तिच्या जागी काउंटर झालं. आता मुलगा बसतो. रिपेअरिंग, कव्हर, स्क्रीन गार्ड, झेरॉक्स, लाइट बिल. रिचार्ज नावापुरता उरलाय, कारण गिऱ्हाईक आपल्या आपण फोनवरून मारून मोकळं होतं.

पाटीसाठी अण्णांनी आजवर एक रुपया मोजला नव्हता. ती कंपनी लावून द्यायची. अट एकच, लोगो मोठा आणि दुकानाचं नाव खाली बारीक. कंपनीचं नाव बदललं की डिस्ट्रिब्युटरची पोरं यायची. जुनं काढत बसायला वेळ कुणाला? त्याच्यावरच नवं फ्लेक्स ताणायचं, कडेनं खिळे मारायचे आणि पुढच्या दुकानाला पळायचं. ते थर शाबूत राहिले ते केवळ या घाईमुळं.

तळापासून वर

हे चार थर चार कंपन्यांचे वाटतात, पण वंश एकच आहे. टेलिकॉमच्या हिशेबात 'महाराष्ट्र सर्कल' म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. नव्वदच्या दशकात इथं मोबाईलचे पहिले दोन परवाने गेले बीपीएलला आणि बिर्ला एटी अँड टीला. बीपीएलचा इथला कारभार २००६ च्या सुमारास हचकडं गेला. हचमधला मोठा हिस्सा २००७ मध्ये व्होडाफोननं घेतला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गुलाबीचं लाल झालं. दुसऱ्या बाजूला बिर्ला एटी अँड टीत टाटा आले, २००२ मध्ये त्याचं आयडिया झालं. मग ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाले आणि ७ सप्टेंबर २०२० ला दोन्ही नावं पुसून व्हीआय आलं. म्हणजे कोल्हापुरात ज्या दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत सुरुवात केली, ते शेवटी एकाच फ्लेक्सवर आले. अण्णांच्या पाटीवर हे सगळं खिळ्यांनी ठोकलेलं होतं.

तळातला पत्रा मी जवळून बघितला. अक्षरं देवनागरीत, हातानं काढलेली. प्रत्येक अक्षराला उजवीकडून खाली सावली दिलेली, आणि 'ल'चा खालचा फाटा पेंटरनं हौसेनं जरा लांब ओढलेला. कंपनीनं छापील नमुना दिला असणार, पण त्या नमुन्यात असा 'ल' नक्की नव्हता. चित्रकार बाबूराव पेंटरांच्या गावात पाटी रंगवायची म्हटल्यावर पेंटर नमुन्यात थोडा तरी हात घालणारच. पुढच्या तीन थरांत तसलं काही नाही. तिन्ही फ्लेक्स मशीनवर छापलेली, आणि तसली फ्लेक्स इथपासून गोंदियापर्यंत एकसारखी लागली असणार. माझं पोट फ्लेक्सवर चालतं, तरी सांगतो, चारांत हात लागलेली पाटी ती एकच.

फोटो फिरल्यावर

आणि त्याच पत्र्याला गिऱ्हाईक नव्हतं. आले ते बहुतेक हचसाठी. २००६-०७ च्या सुमाराला इथं राहून शिकलेली पोरं, आता चाळिशीकडं झुकलेली. एक जण बँकेत, एक जण गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, एक जण पुण्याहून गाडी घेऊन आलेला. त्यांच्या बॅचचा मेळावा ठरला होता आणि त्यांना स्टेजमागं लावायला ते गुलाबी फ्लेक्स हवं होतं.

"अण्णा, आयुष्यातलं पहिलं कार्ड तुमच्याकडनं काढलंय. हचचं. हे आम्हाला द्या."

"कार्ड काढलंस त्येला फोटो दिला होतास का? का दुसऱ्याच्या फोटोवर काढलंस?" अण्णांनी विचारलं. सगळे हसले. उत्तर कुणी दिलं नाही.

आता हिशेब बघा. कोल्हापुरात हचची पाटी दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. बीपीएल त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. व्होडाफोन तर अकरा वर्षं स्वतंत्र आणि पुढं दोन वर्षं आयडियाच्या शेजारी नांदलं. मग जीव सगळ्यात कमी टिकलेल्या नावावर का? जाहिरात म्हणाल तर ती होती, आणि चांगलीच होती. पोराच्या मागं मागं जाणारा तो पग कुत्रा २००३ मध्ये टीव्हीवर आला. गंमत अशी की त्या वर्षी महाराष्ट्र सर्कलमध्ये हच नव्हतंच. मुंबईत ऑरेंज नावानं होतं, पलीकडं कर्नाटकात होतं. कोल्हापूरकरांनी कुत्रा आधी बघितला आणि नेटवर्क तीन वर्षांनी आलं. नुसत्या जाहिरातीनं आठवण बनत असती तर ती २००३ पासून मोजली गेली असती. या पोरांची सगळी आठवण मात्र पहिलं कार्ड घेतल्यापासून सुरू होते.

बाकीच्या दावेदारांचं थोडक्यात सांगतो. गुळाच्या व्यापारातले एक काका आले. त्यांना 'तो निळ्या पट्ट्यांचा गोळा' हवा होता, म्हणजे एटी अँड टीचा. तो या पाटीत असण्याचा संबंधच नव्हता. तरी अर्धा तास बसून त्यांनी मार्केट यार्डात मोबाईल पहिल्यांदा कुणाकडं आला याची यादी सांगितली. एक जण छातीठोकपणे सांगत होता की त्याच्याकडं कोल्हापुरात ऑरेंजचं कार्ड होतं. ते नाव मुंबईपुरतंच होतं. २००० मध्ये मॅक्स टचचं ऑरेंज झालं, २००५ मध्ये ऑरेंजचं हच. मुंबईच्या पाहुण्याच्या हातात बघितलं असेल, पुढं आठवणीत स्वतःच्या खिशात आलं. मी वाद घातला नाही. एक भंगारवाला आला, त्यानं फ्लेक्सकडं बघितलंही नाही, पत्र्याला बोटानं टिचकी मारून किलोचा भाव सांगितला. आणि पुण्याचा एक जुन्या वस्तू जमवणारा. पत्रा मागणारा तो एकटाच. तोही ऑइलपेंटच्या अक्षरांसाठी आलेला, बीपीएलशी त्याला देणंघेणं नव्हतं.

निपाणीकडचे एक तंबाखू व्यापारी निव्वळ गप्पा मारायला आले होते. त्यांचं म्हणणं मला सगळ्यात कामाचं वाटलं. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की मोबाईल कर्नाटक सर्कलमध्ये जायचा आणि रोमिंग लागायचं. इनकमिंगलाही पैसे तुटायचे. कधी कधी आपण अलीकडंच असायचो आणि फोन पलीकडचा टॉवर पकडायचा. म्हणून हे दोन फोन बाळगायचे, एक महाराष्ट्राचा आणि एक स्पाइसचा. स्पाइस म्हणजे कर्नाटक आणि पंजाबातली कंपनी, २००८ मध्ये आयडियानं घेतली. "कोल्हापुरातली माणसं एका फोनवर, घरातली माणसं दुसऱ्या फोनवर," ते म्हणाले. "कुठला फोन वाजला यावर कळायचं, धंदा का घर."

दर

कंपनीचा रंग पाहून कोण बोलतंय ते कळायचं, ही या सगळ्या प्रकरणाची किल्ली. ती नुसती सवय नव्हती, दरांची रचनाच तशी होती.

एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला की पहिल्या कंपनीनं दुसरीला कॉल पोचवल्याचे पैसे द्यायचे असा नियम होता. हा आकार ट्राय, म्हणजे दूरसंचारची सरकारी नियामक संस्था, ठरवायची. बराच काळ तो मिनिटाला ३० पैसे होता, २००९ मध्ये २० झाला, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ पासून ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. स्वतःच्याच नेटवर्कवर फिरणाऱ्या कॉलला हे देणं नसायचं. म्हणून 'हच टू हच', 'आयडिया टू आयडिया' असल्या स्कीमा निघायच्या. आपल्या कंपनीत दहा-वीस पैशांत किंवा रात्री फुकट, बाहेर रुपया. यातून मित्रांचं आख्खं टोळकं एका कंपनीत जायचं. ज्याच्याकडं दुसरं कार्ड तो बाहेरचा, त्याला फक्त मिस कॉल. कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल संघ जसा जन्मानं ठरतो, तसा कॉलेजात मोबाईलचा रंग कॉट बेसिसच्या खोलीनं ठरायचा.

हचवाल्या बॅचला मी विचारलं की तुम्ही सगळे हचमध्येच कसे? उत्तर लगेच आलं. खोलीतल्या एकाची मैत्रीण हचवर होती म्हणून त्यानं हच घेतलं, आणि मग त्याच्याशी बोलायचं म्हणून बाकीच्यांनी. त्या मैत्रिणीनं हच का घेतलं होतं? तिच्या भावाकडं होतं म्हणून. लोगोची आवड या साखळीत कुठंच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बीपीएल आणि एटी अँड टी सुरू झाले तेव्हा मोबाईल ऐकायलाही पैसे पडायचे. देशात सुरुवातीला गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत होता. गुळाचे व्यापारी, डॉक्टर, कारखान्याचे संचालक, एवढ्यांचंच ते काम. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. २००५ च्या शेवटी 'लाइफटाइम' कार्डं निघाली, ९९९ रुपये एकदा भरा आणि इनकमिंग चालू. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलनं रुपयात देशभर एसटीडी आणली, मागोमाग बाकीचे आले. हच कोल्हापुरात आलं ते नेमकं या वेळी. शेतकऱ्याच्या पोराला घरून महिन्याला जे पैसे यायचे त्यात मोबाईल बसायला लागला तो याच काळात. बीपीएलवर ज्यांनी पहिला फोन घेतला त्यांच्याकडं बोलायला आणि मिरवायला बाकी बरंच काही होतं. या पोरांकडं तेवढाच फोन होता. अठरा महिन्यांचं हच म्हणून भारी पडतं.

२००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा लावला आणि अजून एक टोळी तयार झाली. त्याआधी मिनिटाचा पल्स असायचा, म्हणजे सेकंदभर जादा बोललं तरी आख्ख्या मिनिटाचे पैसे, म्हणून अठ्ठावन्नाव्या सेकंदाला कॉल कापायची एक कला होती. ती काही महिन्यांत निकामी झाली. अण्णांचा मुलगा त्या काळातला. त्याला हच, व्होडाफोन कशाचंच काही नाही, पण डोकोमोची स्क्रॅच कूपनं त्यानं पाकिटात जपून ठेवलीत. दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला एसएमएस पॅक चालायचा नाही, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवून टाकायच्या, हे त्याच्या तोंडून ऐकताना माझीच करमणूक झाली.

२० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून आपल्या सर्कलपुरती कंपनी बदलता, म्हणजे पोर्ट करता, यायला लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं कॉल सगळीकडं फुकट केले. तेव्हापासून समोरच्याचं कार्ड कुठलं याला किंमत उरली नाही. ऑक्टोबर २०१९ पासून काही काळ जिओनं बाहेरच्या कॉलला ६ पैसे लावले तेव्हा लोकांनी पुन्हा एकमेकांना 'तुझं कुठलंय?' विचारलं, तेवढंच. आज गल्लीतल्या पोराला त्याच्या जवळच्या मित्राचं सिम कुठलं ते माहीत नसतं. व्हीआयचं फ्लेक्स वाऱ्यानं फाटलं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, ते यामुळं. डिझाइन म्हणून ते हचपेक्षा वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

काउंटरच्या आतून

हे सगळं काउंटरच्या बाहेरच्यांचं झालं. आतला हिशेब वेगळा निघाला.

मुलाच्या डोक्यात आलं की दुकानात एक 'रेट्रो कोपरा' करावा. जुनी सिमची पाकिटं, कूपनं, गुलाबी फ्लेक्सचा तुकडा, सेल्फीला बरं पडेल. म्हणून त्यानं अण्णांना खालचा ड्रॉवर उघडायला लावला. आत रबर लावलेली रिचार्ज कूपनांची गड्डी होती, एकही खरवडलेलं नाही. बंद पडलेल्या एका कंपनीची. नाव अण्णांनी सांगितलं, मी लिहीत नाही. कंपनी गुंडाळली जाते अशी कुणकुण लागल्यावर डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला होता आणि 'काळजी करू नका, स्कीम आहे' म्हणून उलट जास्त माल देऊन गेला. नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

बॅचवाल्यांपैकी एकाचे डोळे चमकले. न खरवडलेलं कूपन! ते नाण्यानं खरवडायचा आवाज, बोटाला लागणारी ती राखाडी भुकटी. "अण्णा, एक खरवडू का?"

"खरवड की. बॅलन्स आला तर निम्मा मला दे."

त्यानं खरवडलं. सोळा आकडे निघाले. ते त्यानं मोठ्यानं वाचले आणि कूपन पाकिटात घातलं. अण्णांनी गड्डीला पुन्हा रबर लावलं. त्यांच्या लेखी त्यातलं प्रत्येक कूपन म्हणजे आधी रोख भरलेले आणि परत न आलेले पैसे.

कंपनी बंद पडली की लोक तेवढी एक बातमी वाचतात. अण्णांनी दारात ते पुन्हा पुन्हा सोसलं. २०१७ च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सची (जिओ वेगळी) व्हॉइस सेवा बंद झाली, २०१८ च्या सुरुवातीला एअरसेल गेली, त्याच वर्षी टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली, २०१९ मध्ये डोकोमो. दर वेळी माणसं रेंज नसलेला फोन घेऊन दुकानात यायची. पोर्टचा मेसेज जात नाही, कोड आला तर नाव जुळत नाही, कार्ड काढलं तेव्हा कागद दुसऱ्याचेच दिलेले. शिव्या काउंटरवरच्याला. "तुमीच दिलाव नव्हं कार्ड?" असं एका आजींनी विचारलेलं अण्णांना अजून आठवतं, कारण खरंच त्यांनीच दिलं होतं, आणि त्यावर मिळालेलं कमिशन केव्हाच चहात गेलं होतं.

म्हणून मेळाव्यावाल्यांचं हचप्रेम त्यांना कळेना. ते म्हणाले ते जसंच्या तसं देतो: "कंपनी बदलली म्हंजे काय, माणसं तीच येत्यात. टीशर्ट तेवढा दुसऱ्या रंगाचा." डिस्ट्रिब्युटरकडचा पोरगा आधी हचच्या टीशर्टात यायचा, मग व्होडाफोनच्या. वसुली तीच.

मला या बापलेकांच्या भांडणात मुलाची बाजू कमकुवत वाटली. कोपरा करायला हरकत नाही, पण नव्या पाटीला गुलाबी रंग आणि हचसारखं अक्षर द्या असं तो म्हणाला तेव्हा मी नाही म्हणालो. कंपनी गेली तरी चिन्हाचा मालक कुणीतरी असतोच, आणि उद्या कागद आला तर तो पाटीच्या मालकाला येईल. शिवाय नव्या पोरांना त्या गुलाबीचा अर्थ लागणार नाही. त्यांना ते केकचं दुकान वाटेल.

काढताना

पाटी उतरवली तेव्हा एक गोष्ट झाली, ती फ्लेक्सच्या धंद्यातल्या माणसाला अपेक्षित होती, बाकीच्यांना नव्हती. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. उन्हात तापलं की ते मऊ पडतं आणि दोन थर वर्षानुवर्षं दाबून ठेवले असले तर एकमेकांना धरतात. लाल फ्लेक्स ओढलं तसा खालचा गुलाबी रंग त्याच्यासोबत निघून आला. हचचं मूळ फ्लेक्स जागोजागी पांढरं पडलं, जाळीचे धागे दिसायला लागले, आणि व्होडाफोनच्या पाठीवर गुलाबी डागांत हचची अक्षरं उलटी उमटली. आरशात धरली तर वाचता येतील अशी.

बॅचवाले आधी हिरमुसले. मग बँकेतला म्हणाला, हेच न्यायचं. लाल फ्लेक्स त्यांनी उलटं गुंडाळलं आणि गाडीच्या टपावर बांधून नेलं. मेळाव्याचे फोटो नंतर मला आले. स्टेजमागं ती उलटी अक्षरं, पुढं सगळे रांगेत. एका फोटोत कुणीतरी आरसा धरलाय.

पुण्याचा संग्राहक पत्र्यासाठी बरे पैसे देत होता. भंगारवाल्याच्या भावापुढं ते कितीतरी जास्त होते. अण्णांनी दोघांना नाही सांगितलं. मुलाला वाटलं वडील हळवे झाले. अण्णा म्हणाले, "शेतातल्या मोटरच्या पेटीवर टाकायला पत्रा बघालतोच. ह्यो जाड हाय, रंग दिलेला हाय, गंजत न्हाई." संग्राहकानं सुचवलं, नवा पत्रा मी घेऊन देतो, हा मला द्या. अण्णांनी विचार केला आणि तरी नाही म्हणाले. नवा पत्रा एवढा जाड येत नाही, हे त्यांचं कारण, आणि पत्र्याबद्दल ते खरंही आहे. आता तो करवीर तालुक्यातल्या एका विहिरीजवळ आहे, अक्षरांची बाजू वर. लांब फाट्याचा तो 'ल' मी फोटोत धरून ठेवलाय. त्यावरून एक आख्खी वर्णमाला करायचं मनात आहे.

नवी पाटी

नव्या पाटीवर काय असावं यावरून शेवटचा वाद झाला, आणि माझ्या मते अण्णांचा जीव कशात आहे ते तिथं दिसलं. मुलाचं म्हणणं, दुकानाचं नाव, कामांची यादी आणि क्यूआर कोड, बास. नंबर कशाला? आजकाल पाटीवरचा नंबर लावतं कोण? अण्णा अडून बसले. त्यांचा नंबर ९८२३ नं सुरू होतो.

जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. पोर्टिंग येण्याआधी नंबरचे पहिले चार आकडे हाच लोगो होता. ९८२२ म्हणजे एटी अँड टी, पुढं आयडिया. ९८२३ म्हणजे बीपीएल, पुढं हच, पुढं व्होडाफोन. ९८९० एअरटेल. ९४२२ बीएसएनएल, म्हणजे बहुधा सरकारी माणूस नाहीतर खेड्यातला पुढारी. पाटी बदलली, टीशर्ट बदलले, चार आकडे तेच राहिले. अण्णांचा नंबर आता व्हीआयवरही नाही. रेंज मिळत नाही म्हणून मुलानं तो मागंच दुसरीकडं पोर्ट केला. तरी एसटीडी बूथच्या काळातली गिऱ्हाइकं, गावाकडं परत गेलेली पोरं, निपाणीचे शेठ, सगळ्यांकडं हाच नंबर आहे.

"ह्येच्यावर माणसं हायत माझी," अण्णा म्हणाले. विषय संपला.

तर पाटी अशी झाली. वर दुकानाचं नाव, पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत. खाली नंबर, नावाच्या खालोखाल मोठा. उजव्या कोपऱ्यात क्यूआर. आणि तळाला जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल या चौघांची नावं सारख्या आकारात, एका रांगेत. कुणालाही मोठं केलं नाही, कारण आता कुणीच पाटीचे पैसे देत नाही.

एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेला बोर्ड), उठावाची अक्षरं, आत एलईडी. बिल बघून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, कंपनी फुकट लावून देत होती, भावा, तू एवढं लावालायस? थोडे कमी केले. निम्मे पैसे अजून यायचे आहेत.